हिवताप, बालके आणि भारित मच्छरदाणी

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगभरात सुमारे २६ कोटी ३० लाख लोकांना हिवताप झाला आणि सुमारे ५ लाख ९७ हजार जण दगावले. यांपैकी ९५ टक्के मृत्यू एकट्या आफ्रिका विभागातील होते आणि तेथील मृतांमध्ये दर चारांपैकी तीन पाच वर्षांखालील बालके होती. हिवताप हा आपल्याकडे थंडी वाजून येणारा, गोळ्यांनी बरा होणारा ताप म्हणून ओळखला जातो. आफ्रिकेच्या मोठ्या भागात तो प्रामुख्याने लहान मुलांना मारणारा रोग आहे. मुलांना त्याच्यापासून वाचवणाऱ्या उपायांमध्ये सर्वांत मोठा वाटा ज्या वस्तूचा आहे ती म्हणजे मच्छरदाणी. मात्र साधी नव्हे, तर कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली. आपल्या आरोग्य खात्याच्या मराठीत तिला ‘कीटकनाशक भारित मच्छरदाणी’ म्हणतात.

‘नेचर’ या नियतकालिकात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासानुसार, २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत प्रतिबंधक व उपचारात्मक उपायांमुळे हिवतापाचे सुमारे ६६ कोटी ३० लाख प्रसंग टळले आणि त्यांपैकी ६८ टक्क्यांचे श्रेय भारित मच्छरदाणीला जाते. इतक्या साध्या वस्तूविषयी वाद होण्याचे कारण काय, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात गेल्या चाळीस वर्षांत या मच्छरदाणीवर तीन गंभीर आक्षेप घेतले गेले. तिने मृत्यू खरोखर कमी होतात का? कमी झाले तरी ते केवळ पुढे ढकलले जातात का? आणि गरिबांना ती फुकट दिली तर ते ती वापरतील का? यांतील कोणत्याही प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत किती डास मेले यावरून मिळणार नव्हते. त्यासाठी गावोगावी किती मुले जगली हे मोजावे लागले.

मुलेच का?

हिवतापाचे परजीवी अनेक प्रकारचे आहेत. भारतात ‘व्हायवॅक्स’ आणि ‘फाल्सिपॅरम’ हे दोन्ही आढळतात. आफ्रिकेत मात्र जीवघेण्या ‘प्लास्मोडियम फाल्सिपॅरम’चे वर्चस्व आहे. त्याचा प्रसार करणारी ‘अ‍ॅनॉफिलिस गॅम्बी’ ही डासाची जात माणसाच्या रक्ताला विशेष सोकावलेली, घरात शिरणारी आणि मुख्यतः रात्री उशिरा ते पहाटेपर्यंत चावणारी आहे. मुले झोपलेली असतात नेमकी तीच वेळ.

आईकडून मिळालेल्या प्रतिपिंडांमुळे आणि गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन काही काळ रक्तात टिकून राहत असल्यामुळे पहिले काही महिने अर्भकाला थोडे संरक्षण असते. ते ओसरले की धोक्याचा काळ सुरू होतो. परजीवी तांबड्या रक्तपेशी फोडत जातात आणि मूल पांढरेफटक पडते. कधी परजीवींनी भरलेल्या पेशी मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून झटके येतात, शुद्ध हरपते. सकाळी खेळणारे मूल दुसऱ्या दिवशी मरण पावते, असे या रोगात घडू शकते. जी मुले वारंवार हिवताप होऊनही जगतात, त्यांच्या शरीरात हळूहळू अंशतः प्रतिकारशक्ती तयार होते. म्हणूनच त्याच गावातील प्रौढ माणूस परजीवी अंगात बाळगूनही शेतावर जाऊ शकतो. ही प्रतिकारशक्ती पूर्ण नसते आणि गरोदरपणी ती दुबळी पडते. त्यामुळे मच्छरदाणीच्या बहुतेक योजनांत लहान मुलांबरोबर गरोदर स्त्रियांना अग्रक्रम मिळाला.

ती काम कशी करते

मच्छरदाणी आपल्याला नवी नाही. पलंगाचे चार दांडे, वर ताणलेली जाळी आणि गादीखाली खोचलेल्या कडा हे चित्र जुन्या मराठी घरांत ओळखीचे आहे. अशा साध्या मच्छरदाणीचे दोष आपल्या पिढ्यांनी अनुभवलेले आहेत. एखादे भोक असले की डास आत येतो आणि बाहेर न जाता रात्रभर मेजवानी झोडतो. झोपेत हात जाळीला टेकला तर तो बाहेरूनही चावतो. गॅम्बियात मच्छरदाणी वापरण्याची पद्धत जुनीच होती, तरी केवळ साध्या जाळीने मुलांना पुरेसे संरक्षण मिळत नाही, असे १९८० च्या दशकातील पाहणीत दिसले.

कीटकनाशक मिसळल्याने हे गणित बदलते. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या मच्छरदाण्यांना डीडीटी लावण्याचे प्रयोग झाले होते. परंतु ही कल्पना खऱ्या अर्थाने व्यवहार्य झाली ती ‘पायरेथ्रॉइड’ गटातील कृत्रिम कीटकनाशके आल्यावर. शेवंतीच्या कुळातील ‘पायरेथ्रम’ या फुलांतील कीटकनाशक द्रव्य पूर्वापार ठाऊक होते. आपल्या घरांत जळणाऱ्या डासांच्या उदबत्तीतील द्रव्येही याच कुळातील. नैसर्गिक द्रव्य मात्र उन्हात लवकर नष्ट होते. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात मायकेल इलियट यांच्या चमूने १९७३ मध्ये ‘परमेथ्रिन’ तयार केले. ते प्रकाशात टिकणारे, कीटकांना अत्यल्प मात्रेत मारक आणि सस्तन प्राण्यांना तुलनेने निरुपद्रवी होते. पाठोपाठ ‘डेल्टामेथ्रिन’ आले. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात पश्चिम आफ्रिकेत, आजच्या बुर्किना फासोमध्ये, परमेथ्रिन लावलेल्या मच्छरदाण्यांची प्रयोगासाठी बांधलेल्या झोपड्यांत चाचणी झाली. मुद्दाम भोके पाडलेल्या जाळ्यांनीही डासांना रोखले.

झोपलेल्या माणसाच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड आणि अंगाचा वास यांच्या ओढीने डास जाळीपर्यंत येतो, आत शिरायला जागा शोधत तिच्यावर पुन्हा पुन्हा बसतो आणि त्याच्या पायांना द्रव्याचा स्पर्श होतो. काही डास लगेच गळून पडतात, काही चिडून निघून जातात. म्हणजे जाळी हा अडसर आहेच, शिवाय तो एक सापळाही आहे आणि त्यातील आमिष म्हणजे आत झोपलेला माणूस. हे ऐकायला चमत्कारिक वाटले तरी वस्तुस्थिती तशीच आहे.

यातून एक दूरगामी परिणाम साधतो. हिवतापाच्या रुग्णाला चावलेला डास लगेच रोग पसरवू शकत नाही. परजीवी त्याच्या शरीरात वाढून लाळग्रंथींपर्यंत पोहोचण्यास साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. डासाच्या मादीला दर दोन-तीन दिवसांनी रक्त लागते. म्हणजे रोग पोहोचवण्यापूर्वी तिला चार-पाच वेळा कुणाच्या तरी अंथरुणापाशी जावे लागते. गावातील बहुतेक अंथरुणांवर भारित जाळी असेल तर इतके दिवस जगणारी मादी विरळाच. त्यामुळे शेजारच्या, मच्छरदाणी नसलेल्या घरातील मुलालाही थोडे संरक्षण मिळते. पश्चिम केनियातील चाचणीत मच्छरदाण्या असलेल्या घरांपासून सुमारे ३०० मीटरपर्यंतच्या इतर घरांनाही लाभ झाल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. ज्या डासामुळे हिवताप पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये आपल्याच देशात, सिकंदराबाद येथे दाखवून दिले, त्या डासाच्या आयुर्मानातच रोगाची दुखरी नस आहे.

गॅम्बियातील गावे

मुलांचे मृत्यू कमी होतात का, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर गॅम्बियातून आले. ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तेथील केंद्रात ब्रायन ग्रीनवुड यांच्या नेतृत्वाखाली बरीच वर्षे हिवतापावर काम चालू होते. तेथील ग्रामीण भागातील काही गावांत लोकांच्या मच्छरदाण्या परमेथ्रिनच्या द्रावणात बुडवून देण्यात आल्या आणि एक ते चार वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूंची नोंद ठेवण्यात आली. पेद्रो अलोन्सो आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडला: प्रक्रिया केलेल्या गावांत या वयोगटातील सर्व कारणांनी होणारे मृत्यू ६३ टक्क्यांनी कमी झाले.

आकडा इतका मोठा होता की शंका घेतली जाणे साहजिकच होते, आणि ती रास्तही होती. ज्या गावांत प्राथमिक आरोग्य सेवेची व्यवस्था होती, तीच प्रक्रियेसाठी घेतलेली होती. ती मुळातच अधिक सुदैवी नसतील कशावरून? म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात मोठ्या चाचण्या झाल्या. केनियाच्या किनाऱ्यावरील किलिफी येथे बालमृत्यू ३३ टक्क्यांनी घटले. उत्तर घानातील नवरोंगो परिसरात १७ टक्क्यांनी, तर बुर्किना फासोमध्ये, जिथे मच्छरदाणीऐवजी दारे-खिडक्यांना भारित पडदे लावले होते, सुमारे १५ टक्क्यांनी. खुद्द गॅम्बियात राष्ट्रीय कार्यक्रमाच्या मूल्यमापनात घट २५ टक्के दिसली. ६३ वरून आकडा उतरला खरा, पण दिशा एकदाही बदलली नाही.

या सर्व चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण करून ख्रिश्चन लेंगेलर यांनी २००४ च्या कॉक्रेन आढाव्यात काढलेला निष्कर्ष पुढे धोरणाचा पाया ठरला. भारित मच्छरदाणीने संरक्षित केलेल्या दर हजार मुलांमागे दरवर्षी सुमारे साडेपाच मृत्यू टळतात आणि साध्या हिवतापाचे प्रसंग निम्म्याने कमी होतात. साडेपाच हा आकडा कागदावर लहान दिसतो. एखाद्या तालुक्यात अशी वीस हजार मुले असतील, तर दरवर्षी एकशे दहा मुले जगतील असा त्याचा अर्थ. सर्व कारणांनी होणारे मृत्यू मोजले, हेही महत्त्वाचे. आफ्रिकेतील खेड्यात मूल नेमके कशाने गेले याची डॉक्टरी नोंद क्वचितच असते. मूल गेले की राहिले, याबद्दल मात्र चूक होत नाही.

मृत्यू टळले की लांबले?

दुसरा आक्षेप अधिक खोल होता आणि तो घेणारे लोक मच्छरदाणीचे शत्रू नव्हते, तर हिवतापाचे जाणकार होते. मूल वारंवार आजारी पडते म्हणूनच त्याची प्रतिकारशक्ती तयार होते. मच्छरदाणीने पहिली काही वर्षे डासांपासून दूर ठेवले, तर ती तयार होणे लांबणीवर पडेल आणि पहिल्या दोन वर्षांत वाचलेले मूल सहाव्या वर्षी दगावेल. जिथे हिवतापाचा प्रसार अतितीव्र आहे तिथे मच्छरदाण्या वाटणे हानिकारकच ठरेल की काय, अशी शंका १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रतिष्ठित शास्त्रज्ञांनी जाहीरपणे व्यक्त केली. हा युक्तिवाद केवळ तर्काने खोडणे शक्य नव्हते. तो खरा असता तर एका पिढीच्या मुलांवर परिणाम झाला असता; तो खोटा असून मान्य केला असता, तरीही मुलेच मेली असती.

उत्तर मिळायला वेळ लागला, कारण मुले मोठी होण्याची वाट पाहावी लागली. घानातील चाचणीतील मुलांचा साडेसात वर्षे पाठपुरावा करण्यात आला. मृत्यू पुढच्या वयात सरकल्याचे दिसले नाही. सर्वांत भक्कम पुरावा मात्र टांझानियातून आला. दक्षिण टांझानियातील किलोम्बेरो आणि उलांगा हे जिल्हे हिवतापाच्या तीव्र प्रसारासाठी कुप्रसिद्ध. इफाकारा येथील संशोधन संस्थेने १९९७ मध्ये तेथे ‘झुइया म्बू’ (स्वाहिली भाषेत ‘डास अडवा’) या नावाने मच्छरदाण्यांच्या विक्रीची योजना सुरू केली. त्या वापरणाऱ्या लहान मुलांचे जगण्याचे प्रमाण २७ टक्क्यांनी सुधारल्याचे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. गोष्ट तेथे संपली नाही. १९९८ ते २००० या काळात जन्मलेल्या ६,७०६ मुलांचा संशोधकांनी २०१९ मध्ये पुन्हा शोध घेतला. तोवर ती विशीत आली होती. २०२२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या या अभ्यासानुसार, लहानपणीच्या निम्म्या किंवा अधिक गृहभेटींत जी मुले भारित मच्छरदाणीत झोपत असल्याचे नोंदले गेले होते, त्यांचा प्रौढ वयापर्यंत मृत्यू होण्याचा धोका इतरांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी होता. पहिल्या वर्षांत मिळालेला लाभ नंतर हिरावला गेला नव्हता. मच्छरदाणीविषयीच्या साऱ्या संशोधनात वीस वर्षांची ही चिकाटी प्रस्तुत लेखकाला सर्वांत मोलाची वाटते. कारण पहिला सुखद निष्कर्ष हाती आल्यावर थांबणे सोपे होते.

विकावी की वाटावी?

तिसरा वाद अर्थशास्त्राचा. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही, लोक तिचा वापर करणार नाहीत, थोडी तरी किंमत घ्यावी, हे मत देणगीदार संस्थांमध्ये बराच काळ प्रबळ होते. आपल्याकडेही चहाच्या टपरीपासून दिवाणखान्यापर्यंत ते ऐकू येते. त्यामुळे अनेक देशांत मच्छरदाण्या सवलतीत विकल्या जात होत्या. टांझानियाने २००४ पासून गरोदर स्त्रियांना सवलतीची कुपने दिली. एप्रिल २००० मध्ये नायजेरियातील अबुजा येथे आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी २००५ पर्यंत धोक्यातील ६० टक्के लोकांपर्यंत संरक्षण पोहोचवण्याचा संकल्प केला होता. तो मुदतीत कोसो दूर राहिला.

केनियात २००४ मध्ये पाच वर्षांखालील मुलांपैकी जेमतेम ७ टक्के मुले भारित मच्छरदाणीत झोपत होती. २००६ मध्ये तेथील सरकारने मोहीम काढून सुमारे ३४ लाख मच्छरदाण्या मोफत वाटल्या आणि त्या वर्षअखेरीस हे प्रमाण ६७ टक्क्यांवर गेले. सर्वांत गरीब आणि सर्वांत सधन कुटुंबांतील दरी जवळजवळ बुजली. पाहणी झालेल्या जिल्ह्यांत मच्छरदाणीतील मुलांचे मृत्यू ४४ टक्क्यांनी कमी आढळले. पाठोपाठ ऑगस्ट २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भूमिका बदलली: दीर्घकाळ टिकणाऱ्या मच्छरदाण्या मोफत किंवा नाममात्र किमतीत आणि केवळ मुलांनाच नव्हे, तर धोक्यातील सर्वांना द्याव्यात.

फुकटाच्या अवहेलनेचा प्रश्नही प्रयोगानेच सुटला. जेसिका कोहेन आणि पास्कालीन द्युपा या अर्थतज्ज्ञांनी केनियातील प्रसूतीपूर्व तपासणी केंद्रांत गरोदर स्त्रियांना चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या किमतीत मच्छरदाण्या देऊ केल्या. किंमत शून्यावरून अवघ्या ६० अमेरिकी सेंटपर्यंत नेताच घेणाऱ्यांचे प्रमाण ६० टक्के बिंदूंनी कोसळले. पैसे मोजणाऱ्या स्त्रिया मच्छरदाणी अधिक वापरतात, असे मात्र दिसले नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग विकासाच्या अर्थशास्त्रात वारंवार उद्धृत केला जातो. ‘पुअर इकॉनॉमिक्स’ या २०११ च्या पुस्तकात त्याची चर्चा करणारे अभिजित विनायक बॅनर्जी हे मुंबईत जन्मलेले आणि मातुल घराण्याने मराठी. २०१९ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार त्यांना एस्थर डुफ्लो व मायकेल क्रेमर यांच्यासमवेत अशाच प्रायोगिक पद्धतीसाठी मिळाला.

मच्छरदाण्या मासेमारीला वापरल्या जातात, ही तक्रार वृत्तपत्रांतून अधूनमधून येते. व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या काही गावांत त्यांवर मासे वाळत घातल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे, म्हणजे ती निराधार नाही. परंतु देशोदेशीच्या घरगुती पाहण्यांतून वेगळेच मुख्य कारण पुढे येते: घरात माणसे जास्त आणि मच्छरदाण्या कमी. जिथे त्या पुरेशा असतात तिथे बहुतेक लोक त्यांत झोपतात. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत भारित मच्छरदाणीत झोपणाऱ्या पाच वर्षांखालील मुलांचे प्रमाण २००० मध्ये ३ टक्के होते, ते २०२२ मध्ये ५६ टक्के झाले. उरलेली ४४ टक्के मुले सर्वाधिक मृत्यू होणाऱ्या प्रदेशात उघड्यावर झोपतात.

या वाढीमागे तंत्रज्ञानाचाही वाटा आहे. पूर्वी दर सहा ते बारा महिन्यांनी मच्छरदाणी पुन्हा द्रावणात बुडवावी लागे. त्याचे पैसे आकारले जाऊ लागताच लोकांनी ते टाळले. गॅम्बियातील कार्यक्रमाला याचा कटू अनुभव आला. यावर उपाय म्हणून कीटकनाशक धाग्यातच मिसळलेल्या किंवा त्याचा टिकाऊ लेप दिलेल्या मच्छरदाण्या निघाल्या. सुमितोमो या जपानी कंपनीची ‘ओलिसेट’ आणि युरोपीय ‘पर्मानेट’ या त्यांतील आरंभीच्या. वीस धुण्यांनंतरही परिणाम टिकावा आणि तीन वर्षे वापरता यावी, अशी अपेक्षा. ओलिसेटचे उत्पादन २००३ पासून टांझानियातील आरुशा येथे सुरू झाले आणि आफ्रिकेच्या मच्छरदाण्या आफ्रिकेत विणल्या जाऊ लागल्या. प्रत्यक्षात तीन वर्षांचे आयुष्य अनेकदा लाभत नाही. चुलीची ठिणगी, बांबूची खाट, उंदीर, मुलांची ओढाताण यांनी जाळी दीड-दोन वर्षांतच फाटते.

डासांनी शोधलेली पळवाट

एकाच गटाच्या कीटकनाशकावर कोट्यवधी मच्छरदाण्या अवलंबून ठेवल्यावर जे व्हायचे ते झाले. पायरेथ्रॉइडला दाद न देणारे डास आज आफ्रिकेच्या बहुतेक भागांत आहेत. शेतीतील, विशेषतः कापसावरील, फवारण्यांचाही याला हातभार लागला. विदर्भातील कापूस उत्पादकाला हे वेगळे सांगायला नको. याच गटातील औषधांना बोंडअळी दाद देईनाशी झाली, हे त्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पाहिले आहे.

जाळी हा अडसर म्हणून तरीही उपयोगी पडतो. सापळा म्हणून मात्र दुबळा होतो. म्हणून नव्या पिढीच्या मच्छरदाण्यांत दोन द्रव्ये असतात. काहींत ‘पायपरोनिल ब्युटॉक्साइड’ हे डासाची विष पचवण्याची क्षमता रोखणारे रसायन असते. अधिक आशादायक ठरल्या त्या ‘क्लोरफेनापिर’ असलेल्या. हे द्रव्य मज्जासंस्थेवर नव्हे, तर पेशींच्या ऊर्जानिर्मितीवर घाला घालते, त्यामुळे जुनी पळवाट निकामी ठरते. टांझानियाच्या मिसुंग्वी जिल्ह्यातील चाचणीत दोन वर्षांनी केवळ पायरेथ्रॉइडच्या मच्छरदाण्या वापरणाऱ्या गटातील ४५.८ टक्के मुलांच्या रक्तात परजीवी सापडले. क्लोरफेनापिरच्या गटात हे प्रमाण २५.६ टक्के होते. बेनिनमधील चाचणीनेही याला दुजोरा दिला आणि मार्च २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिरोध असलेल्या प्रदेशांसाठी त्यांची शिफारस केली. या मच्छरदाण्या महाग आहेत. त्यातच जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत स्थगित केल्यावर अनेक देशांतील वाटपाचे वेळापत्रक विस्कळीत झाले. पाऊस मात्र वेळापत्रक पाहत नाही.

याच सुमारास हिवतापाची लसही आली आणि तिच्याशी पुण्याचे नाव जोडले गेले आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली ‘आर २१’ लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया तयार करते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळाली आणि १५ जुलै २०२४ रोजी आयव्हरी कोस्टमध्ये ती प्रथम नियमित लसीकरणात दाखल झाली. साधारण पाचव्या महिन्यापासून चार मात्रा देतात. लस आली म्हणजे मच्छरदाणी निवृत्त झाली, असा समज मात्र चुकीचा ठरेल. लसीचे संरक्षण अपुरे असते आणि काळानुरूप ओसरते. म्हणून शिफारस दोन्ही एकत्र वापरण्याचीच आहे.

मुंबई-गोव्याचा डास निराळा

आता आपल्या अंगणाकडे. मुंबई किंवा पणजीच्या वाचकाने वरील सर्व आकडे जसेच्या तसे स्वतःला लावू नयेत. शहरी हिवताप पसरवणारा ‘अ‍ॅनॉफिलिस स्टीफन्सी’ हा डास विहिरी, गच्चीवरील टाक्या आणि बांधकामावर साठवलेल्या पाण्यात वाढतो. मुंबईतील गिरण्या व घरांच्या विहिरींचा या तापाशी असलेला संबंध डॉ. बेंटली यांनी १९११ च्या अहवालातच दाखवला होता. या डासाविरुद्धची लढाई प्रामुख्याने टाकीच्या झाकणाची आहे. हाच डास २०१२ मध्ये जिबूतीत आढळला आणि पुढे इथिओपियातील शहरांत पसरला. तेथील जाणकार आता आपल्या शहरांच्या अनुभवाकडे पाहत आहेत. भारित मच्छरदाणीची खरी जागा महाराष्ट्रात गडचिरोलीसारख्या जंगलव्याप्त जिल्ह्यांत आहे. तेथे फाल्सिपॅरमचा जोर असतो आणि सरकारी यंत्रणा या मच्छरदाण्यांचे वाटप करते. ओडिशात २०१७ नंतर सुमारे एक कोटी दहा लाख मच्छरदाण्यांच्या वाटपासह राबवलेल्या मोहिमेनंतर रुग्णसंख्येत मोठी घट झाली.

अशा भागात बदलीवर जाणाऱ्या किंवा मोम्बासा, दार-ए-सलाम येथे लहान मुलांसह वास्तव्यास जाणाऱ्या कुटुंबांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नवी भारित मच्छरदाणी पाकिटातून काढल्यावर एक दिवस सावलीत मोकळी टांगावी. मग आरंभीची खाज किंवा शिंका जाणवत नाहीत. तान्ह्या बाळासाठीही ती सुरक्षित मानली गेली आहे. कडा गादीखाली किंवा चटईखाली चहूबाजूंनी खोचाव्यात आणि मूल निजण्यापूर्वी आत डास नाही हे पाहावे. धुताना सौम्य साबण व थंड पाणी वापरावे, तीन महिन्यांतून एकदाच धुवावी आणि वाळवावी ती सावलीत, कारण उन्हाने द्रव्य लवकर निकामी होते. भोक पडल्यास लगेच शिवावे. धुण्याचे पाणी ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नये. पायरेथ्रॉइड माशांना अतिशय विषारी असते. आणि मच्छरदाणी असतानाही मुलाला ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. फाल्सिपॅरमच्या प्रदेशात दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.